रोहिणींची वहिवाट

शरीररचनेच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात हृदयाच्या प्रकरणापाशी एक चित्र हटकून आढळते. डाव्या जवनिकेतून निघालेली महारोहिणी वर चढून कमानीसारखी डावीकडे वळते, आणि त्या कमानीच्या माथ्यावरून तीन शाखा फुटतात; पहिली थोड्याच अंतरावर दुभागून उजव्या हाताला व मस्तकाच्या उजव्या अंगाला रक्त पुरवते, दुसरी मस्तकाच्या डाव्या अंगाकडे जाते आणि तिसरी डाव्या हाताकडे. विद्यार्थी हे चित्र मुखोद्गत करतो, परीक्षकापुढे फळ्यावर काढून दाखवतो, आणि मनुष्यदेह म्हणून जे काही आहे ते याच आराखड्याबरहुकूम घडलेले असणार अशी त्याची नकळत खात्री होऊन बसते. प्रत्यक्षात दहा देहांपैकी सुमारे सात-आठ देहांतच कमान अशी असते. उरलेल्यांत कोठे पहिल्या दोन शाखा एकाच मुळातून निघतात, कोठे मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे चढणारी डावी रोहिणी आपल्या नेहमीच्या जागेऐवजी सरळ कमानीवरच उगवते, आणि शंभरांत एखाद्या देहात उजव्या हाताची रोहिणी सर्वांत शेवटी, डाव्या बाजूने निघून, अन्ननलिकेच्या पाठीमागून उजवीकडे जाते.

मग त्या चित्राचा दर्जा काय मानायचा? या प्रश्नावर विच्छेदनगृह आणि शस्त्रक्रियागृह यांचा मतभेद जुना आहे, आणि तो मी येथे दोन व्यक्तींच्या मुखी घातला आहे: एक, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आयुष्यभर शरीररचनाशास्त्र शिकवलेल्या बाई, दुसरा, त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे यकृत व पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांत नावारूपाला आलेला शल्यचिकित्सक. माझा स्वतःचा कल बाईंकडे आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. मात्र शल्यचिकित्सकाची तक्रार हलक्या हाताने बाजूला सारण्याजोगी नाही.

शल्यचिकित्सक : बाई, आपण पहिल्या वर्षी यकृताची जी रोहिणी आम्हांला शिकवलीत, ती मला अनेक रुग्णांच्या उदरात भेटलीच नाही. पुस्तकात ती महारोहिणीच्या आखूड खोडापासून निघते, यकृताच्या दाराशी येऊन उजवी-डावी अशी दुभागते, आणि संपले. मायकेल्स या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञाने 200 देहांचे बारकाईने विच्छेदन करून 1955 मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पुस्तकातल्यासारखी रचना शेकडा सुमारे 55 देहांतच निघाली. बाकीच्यांत कोठे उजव्या अर्ध्याची रोहिणी आतड्यांच्या मोठ्या रोहिणीपासून निघून स्वादुपिंडाच्या मागून वर येते, तर कोठे डाव्या अर्ध्याची रोहिणी जठराच्या रोहिणीपासून फुटते. ज्याला हे ठाऊक नाही असा तरुण सर्जन स्वादुपिंडाचे डोके काढताना मागून येणारी ती रोहिणी साधी बारीक शाखा समजून बांधून टाकतो, आणि यकृताचा उजवा भाग रक्तावाचून राहतो. अशा वेळी दोष कोणाचा? मी तर म्हणेन की ज्याने त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र वर्षभर टांगून ठेवले त्याचा.

बाई : दोषाची वाटणी नंतर करू. आधी मला एवढे सांग, ती मागून येणारी रोहिणी मागून येते हे तुला कशावरून कळले? ती पुढून यायला हवी होती हे तुझ्या मनात पक्के होते, म्हणूनच ना? ज्याला गावाचा रस्ता ठाऊक नाही त्याला आडवाट ओळखता येत नाही. तो सगळीकडे सारखाच हरवलेला असतो. शिवाय त्या आकड्याकडे जरा दमाने पाहा. 1994 मध्ये हायट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्यारोपणासाठी काढलेल्या 1000 यकृतांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा पुस्तकातली रचना शेकडा 75 च्या घरात निघाली. 55 आणि 75 यांतले अंतर काही अमेरिकन माणसाचे शरीर चाळीस वर्षांत बदलले म्हणून पडलेले नाही. कितपत बारीक फांदीला स्वतंत्र शाखा म्हणायचे, मृत देहातला एकेक तंतू सोडवत बसायचे की प्रत्यारोपणासाठी यकृत घाईने पण जपून काढताना जे दिसेल ते लिहायचे, यावर ती गणना अवलंबून असते. आकडा देहाविषयी जितके सांगतो तितकेच मोजणाऱ्याच्या पद्धतीविषयीही सांगतो.

शल्यचिकित्सक : म्हणजे आपणच कबूल करता की ते चित्र एका खानेसुमारीचा निकाल आहे. मग त्याला नियम का म्हणायचे?

बाई : खानेसुमारीच आहे, आणि ती करायला सर्जनांनीच भाग पाडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रिचर्ड क्वेनने सुमारे हजार देहांतल्या रोहिणी तपासून 1844 मध्ये मोठा ग्रंथ काढला, जोसेफ मॅक्लीझकडून त्याची भव्य चित्रे काढून घेतली. ईथरने भूल देण्याची विद्या 1846 मध्ये उजेडात आली, ही गोष्ट लक्षात घे. म्हणजे क्वेनच्या काळी फुगलेली रोहिणी बांधायची तर पूर्ण शुद्धीवर असलेल्या, वेदनेने तडफडणाऱ्या माणसाच्या देहात काही मिनिटांत ती शोधावी लागे. तेथे चाचपडायला सवडच नव्हती. म्हणून क्वेनने फक्त बहुसंख्यांचे चित्र दिले नाही; जे जे वेगळे दिसले त्याचीही चित्रे दिली, आणि कोणते किती वेळा दिसले ते मांडले. पुढे क्योटोच्या बुन्तारो आदाचीने युरोपीय देहांवरचे आकडे आपल्या लोकांना तसेच लागू पडतात की नाही या शंकेपोटी जपानी देहांची स्वतंत्र गणना केली आणि 1928 मध्ये दोन खंड जर्मन भाषेत छापले. ही माणसे नियमाची भक्ती करत नव्हती. त्यांनी नियमाचे वजन केले.

शल्यचिकित्सक : वजन केले हे मान्य. पण अभ्यासक्रमाच्या पुस्तकात त्यातले काय उतरले? एक चित्र, आणि तळाला बारीक अक्षरांत एक टीप. एक साधा हिशेब मांडतो. कमान पुस्तकाप्रमाणे असलेले शंभरांत 75 धरू. त्यांतले यकृताची रोहिणीही पुस्तकाप्रमाणे असलेले, आपल्या उदार आकड्याने, पुन्हा तीनचतुर्थांश, राहिले 56. प्रत्येक मूत्रपिंडाला एकच रोहिणी असलेले त्यांतले पुन्हा तेवढेच, कारण चार माणसांत साधारण एकाला कोठेतरी जादा रोहिणी असते, उरले 42. आणि मेंदूच्या तळाशी रोहिणींचे जे कडे थॉमस विलिसने 1664 च्या ग्रंथात वर्णिले आणि पुढे सेंट पॉलचे मंदिर बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनने ज्याचे चित्र काढले, ते चित्रातल्यासारखे सर्व बाजूंनी पूर्ण व सारख्या जाडीचे असलेले, फार तर निम्मे. म्हणजे चारच ठिकाणे पाहिली तर शंभरांत 21 माणसे हाती राहिली. हात, पाय, हृदय अजून पाहायचेच आहेत. बाई, ज्या देहाची आपण वर्षभर शिकवण देता तो देह हिंडताना कोणी पाहिला आहे काय?

बाई : तुझ्या गुणाकाराला एक आधार लागतो, तो तू गृहीत धरलास: एका ठिकाणच्या वेगळेपणाचा दुसऱ्या ठिकाणाशी काहीही संबंध नसतो, हा. तो सर्वत्र खरा नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्या खरे नसण्यातच आहे. तरी तुझा निष्कर्ष मी अमान्य करत नाही. सर्वांगी पुस्तकी असा माणूस विरळाच. तू म्हणतोस, म्हणून देहात नियम नाही; मी म्हणते, तू नियम चुकीच्या जागी शोधतो आहेस. तो शाखांच्या तयार आकृतीत नाही, शाखा ज्या रीतीने तयार झाल्या त्या रीतीत आहे.

येथे बाईंनी जे सांगितले ते थोडे विस्ताराने देतो, कारण या विषयाचा गाभा त्यातच आहे आणि विद्यार्थ्यांना त्याच्यावरून बहुधा घाईघाईने नेले जाते.

बाई : गर्भाच्या चौथ्या आठवड्यापासून पुढे मानेच्या भागात रोहिणींच्या कमानी जोडीजोडीने उमटू लागतात, पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीतून निघून पाठीकडच्या दोन महारोहिणींना मिळणाऱ्या. पुस्तकात सहा जोड्या एकदम काढलेल्या असतात, पण त्या एका वेळी कधीच नसतात. पुढच्या उमटतात तोवर आधीच्या विरू लागतात, आणि पाचवी तर माणसात असते की नाही याचीच शंका आहे. तिसऱ्या जोडीतून मस्तकाच्या रोहिणी घडतात. चौथ्या जोडीतली डावी महारोहिणीच्या कमानीचा भाग होते. उजवी उजव्या हाताच्या रोहिणीचे मूळ होते. सहावीतून फुप्फुसाच्या रोहिणी. म्हणजे जन्माला येणारे बालक जी रचना घेऊन येते, ती एका समृद्ध जाळ्यातून बरेच काही गळून गेल्यावर शिल्लक राहिलेली असते. रिखार्ट टोमाने 1893 मध्ये कोंबडीच्या गर्भावरून दाखवले की ज्या वाहिनीतून रक्त अधिक वाहते ती रुंदावते, जिच्यातून कमी वाहते ती आक्रसून नाहीशी होते. वहिवाट पडली की पायवाटेचा रस्ता होतो आणि दफ्तरी त्याचा हक्क लागतो. वहिवाट मोडली की शेत होते. आता समज, उजवी चौथी कमानच विरली. उजवा हात तर तयार होतोच आहे, त्याला रक्त हवेच. मग पाठीकडच्या उजव्या महारोहिणीचा जो खालचा तुकडा एरवी गळून जायचा तो टिकतो, आणि हाताची रोहिणी कमानीच्या शेवटच्या टोकापासून निघून अन्ननलिकेमागून उजवीकडे जाते. लंडनच्या डेव्हिड बेफर्डने एका स्त्रीची हकिगत 1794 मध्ये छापली. वर्षानुवर्षे तिला घास उतरेना, अखेर ती उपासमारीने गेली, आणि विच्छेदनात हीच रोहिणी आढळली. त्याने त्याला निसर्गाची क्रीडा म्हटले. मला ते पटत नाही. ती रोहिणी दुसऱ्या कोठूनही, कशीही येऊ शकली नसती. ज्या दोनच वाटा गर्भात होत्या त्यांतली एक मिटली, म्हणून दुसरी उघडी राहिली.

शल्यचिकित्सक : हे सुंदर आहे, पण झाल्यावर सांगायचे. टेबलावर माझ्या काय कामाचे?

बाई : फार कामाचे. स्वरयंत्राकडे जाणारी मज्जा, म्हणजे मज्जातंतू, उजवीकडे कशी जाते? छातीच्या तोंडाशी उतरून हाताच्या रोहिणीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. हा वळसा का? हृदय मानेतून छातीत उतरताना चौथी कमान त्या मज्जेला आपल्याबरोबर खाली ओढून नेते म्हणून. आता जिच्या देहात ती कमानच विरली तिच्या मज्जेला अडकायला काही उरले नाही. ती मानेतच आडवी, सरळ स्वरयंत्राकडे जाते. थायरॉइड ग्रंथी काढणारा सर्जन तिला खालून वर येताना शोधतो, ती सापडत नाही, आणि आडवी येणारी ती दोरी रोहिणीची फांदी म्हणून कापली जाते. रुग्णाचा आवाज कायमचा घोगरा होतो. एका रोहिणीचे वेगळेपण असे एका मज्जेच्या वेगळेपणाची आगाऊ वर्दी देते. म्हणून तुझा गुणाकार चुकतो म्हटले. छातीच्या चित्रणात ती रोहिणी मागून गेलेली दिसली, तर मानेला हात लावण्यापूर्वीच मज्जा कोठे असणार हे तुला सांगता यायला हवे. पाठ केलेल्या चित्राने ते येत नाही हे तुझे खरे. पण चित्र टाकून दिल्यानेही येत नाही.

शल्यचिकित्सक : मानेपुरते मी हार मानतो. पण आपल्या कायद्यातून एक गोष्ट निसटते. तशी रोहिणी असलेल्या बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रणात ती सापडते, अहवालात तिच्यापुढे 'विकृती' असा शब्द पडतो, आणि कालपर्यंत सुखाने भाकरी खाणारा माणूस माझ्यासमोर पांढराफटक होऊन बसतो. पीट मॅराविच हा अमेरिकेचा नामांकित बास्केटबॉलपटू. दहा वर्षे व्यावसायिक सामने खेळला. 1988 मध्ये, वयाच्या 40 व्या वर्षी, सहज खेळता खेळता कोसळला. तपासणीत कळले की हृदयाची डावी रोहिणी त्याला जन्मतःच नव्हती. तीच रचना त्याला दहा वर्षे मैदान गाजवू देते आणि तीच एका सकाळी त्याला उचलून नेते. गर्भशास्त्र वाट सांगते. त्या वाटेवर कोण तरेल आणि कोण नाही हे सांगत नाही. माझ्यापुढे येतो तो गर्भ नव्हे, एक मनुष्य.

या ठिकाणी बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत असे मी दाखवले, तर ते नाटकी होईल. त्यांच्यापाशी उत्तर होते, पण पूर्ण नव्हते, आणि ते अपुरेपण लपवण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

बाई : तो शब्द अहवालातून जावा याबद्दल मी तुझ्या बाजूला आहे. बहुसंख्यांहून वेगळे असणे हा रोग नव्हे. मूत्रपिंडाचे पाहा. गर्भात ते ओटीपोटात असते. वर चढताना वाटेतल्या महारोहिणीपासून नव्या नव्या रोहिणी घेते आणि जुन्या सोडते. ज्यांची एखादी जुनी सुटायची राहिली त्यांना दोन किंवा तीन रोहिणी. त्यांत विकृत काय?

शल्यचिकित्सक : विकृत काही नाही, पण जादा म्हणून फुकटची समजून बांधायचीही नाही. मूत्रपिंडातली प्रत्येक रोहिणी आपापल्या हिश्शाला रक्त देते, शेजारी मदतीला येत नाही. वरच्या टोकाची ती बारीक रोहिणी बांधली की तेवढा भाग मेला. म्हणून जिवंत दात्याचे मूत्रपिंड घेताना दोन्ही बाजूंच्या रोहिणी आधी चित्रणात मोजतो, आणि शक्यतो एकच रोहिणी असलेली बाजू निवडतो. हाताचेही तेच. दंडातली रोहिणी कोपराखाली दुभागायची ती शंभरांत चौदा-पंधरा हातांत वर दंडातच दुभागते. काहींत तिची एक शाखा कोपरापुढे कातडीखालून, शिरेच्या अगदी शेजारून जाते. भुलेचे थायोपेंटोन शिरेत म्हणून तिच्यात टोचले गेल्याने बोटे काळी पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. सुई घालण्यापूर्वी तेथे ठोका लागतो का हे बोटाने पाहणे, एवढ्या एका सवयीने ते टळते. मला विद्यार्थ्याला ही सवय द्यायची आहे. नियम नको, संशय हवा.

बाई : ठोका पाहा हा नियमच आहे, बाळा, आकृतीचा नसेल, कृतीचा आहे. पण आता मी तुला कोठे माघार घेते ते ऐक. आमच्या चित्राने एक अन्याय खराच केला. प्राचीन ग्रीक वैद्य गेलनने जनावरांचे देह फाडले आणि बैलाच्या मेंदूखालचे रोहिणींचे जाळे माणसालाही असते असे लिहून ठेवले. तेराशेहून अधिक वर्षे ते फर्मानासारखे चालले. परक्या देहांवरून आपला देह लिहिला की असे होते. आपणही लंडनचे आकडे पाठ केले. आपल्या विच्छेदनगृहात देह येत नव्हते असे नाही. 1949 च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस मृतांचे देह महाविद्यालयांना देण्याची तजवीज झाली, पुढे देहदान करणारेही पुष्कळ निघाले. ज्यांना जिवंतपणी कोणी विचारले नाही त्यांनी आपल्याला मेल्यावर विद्या दिली, आणि आपण काय केले? टेबलावर वेगळी रोहिणी निघाली तर प्रात्यक्षिक बिघडले म्हणून शेजारच्या टेबलावर विद्यार्थी हलवले.

हे वाक्य मला फार लागले. देह देणाऱ्याचे, वा ज्याचा देह कोणी मागितला नाही त्याचे, ऋण फेडण्याचा एकच मार्ग विद्यालयांच्या हाती आहे. त्याच्या शरीरात जे होते ते जसे होते तसे लिहून ठेवणे. जेथे अशा नोंदी निष्ठेने ठेवल्या जातात आणि नियतकालिकांतून प्रसिद्ध होतात तेथील अध्यापकांविषयी मला अत्यंत आदर वाटतो. पण अशा नोंदींची वही एखाद्याच्या हौसेवर अवलंबून असता कामा नये.

शल्यचिकित्सक : मग वही घालू. विच्छेदनगृहातही आणि माझ्या शस्त्रक्रियागृहातही. दोन्हींचे रकाने सारखे.

बाई : वय, लिंग, बाजू, रोहिणीचा उगम, तिचा मार्ग, शेजारची मज्जा, आणि हाताने काढलेले चित्र. छायाचित्र चालेल, पण चित्र काढताना डोळा जे पाहतो ते छायाचित्र काढताना पाहत नाही.

शल्यचिकित्सक : माझ्याकडे एक रकाना जादा: ते दिसल्यावर काय केले. स्वादुपिंडाचे डोके काढताना जठर व आतड्याच्या आरंभाकडे जाणारी रोहिणी तोडण्यापूर्वी मी ती चिमटीत दाबून धरतो आणि यकृताच्या रोहिणीतला ठोका बोटाखाली टिकतो का पाहतो. मुख्य खोड अरुंद असेल, तर यकृताचे रक्त उलट्या दिशेने याच रोहिणीतून येत असते; तोडली की यकृत गेले. ठोका थांबला तर हात थांबवायचा. हे वहीत असले पाहिजे.

बाई : असावेच. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना ती वही पहिल्या दिवशी द्यायची नाही. आधी गर्भाच्या कमानी, मग बहुसंख्यांचे चित्र, मग वही.

शल्यचिकित्सक : मी पहिल्याच दिवशी देईन, बाई. आणि उघडून देईन ती कोऱ्या पानावर नव्हे. जेथे चार देहांतली चार यकृते शेजारी शेजारी काढलेली आहेत, त्या पानावर.

बाई : आणि त्यांतले कोणते पुस्तकातले, असे त्याने विचारले तर?

शल्यचिकित्सक : तर त्याला आपल्याकडे पाठवीन.